खुलासा: कॅलिफोर्नियात नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांवर बंदी नाही

‘कॅलिफोर्नियात पोलिसांच्या नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांवर बंदी आली’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. २०१६ पासून लागू असलेला तिथला कायदा (एसबी ३४) कॅमेरे काढायला सांगत नाही. वापराचं धोरण जाहीर करा, माहिती कोणी कधी पाहिली याची नोंद ठेवा आणि ती राज्याबाहेरच्या किंवा केंद्रीय यंत्रणांना देऊ नका, असं तो सांगतो. ही शेवटची अट काही पोलीस खात्यांनी धाब्यावर बसवली, म्हणून २०२३ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलना ती पुन्हा बजावावी लागली.

माहिती किती दिवस ठेवायची, हे मात्र या कायद्यात ठरवलेलंच नाही. खरी पळवाट तीच. राज्याच्या हायवे पोलिसांना ६० दिवसांची मर्यादा आहे (पुराव्याचा अपवाद सोडून), पण ती फक्त त्यांनाच. न्यू हॅम्पशायर या अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्यात तर संशयित गाडीशी नंबर जुळला नाही तर ३ मिनिटांत नोंद पुसावी लागते.