खुलासा : पेव म्हणजे गुप्तधनाचा खड्डा नव्हे

सध्या एक मजकूर फिरतो आहे : ‘पेव म्हणजे पूर्वजांनी सोनंनाणं पुरलेला खड्डा, तो सापडला की नशीब उघडायचं, म्हणून पेव फुटणे.’ हे चूक आहे.

पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं. त्यात मुख्यतः ज्वारी भरत. तोंड बंद करून वर माती ओढली की जागा चटकन ओळखू येत नसे, म्हणून पेव लपलेलं खरं; पण आत दाणेच. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर हळदीची पेवं होती. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिके. २००५च्या महापुरात त्यांतली बरीच पाण्याखाली गेली. याचं मला फार वाईट वाटतं.

‘पेव फुटणे’चा अर्थ धनलाभ नाही. एखादी गोष्ट एकाएकी उदंड दिसू लागणे, एवढाच. ‘गल्लोगल्ली शिकवण्यांचं पेव फुटलंय’ म्हणताना सूर बहुधा नाराजीचाच असतो.

त्या मजकुरात ‘जुनं पेव दिसलं तर उतरून शोधा’ असंही आहे. कृपा करून असं करू नका. बंद पेवात प्राणवायू उरत नाही, कर्बवायू साचतो आणि उतरणारा गुदमरून मरू शकतो. जाणती माणसं तोंड उघडून बराच वेळ थांबत, मग दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर कुणी उतरत नसे.