दरड तारीख सांगून कोसळत नाही

‘नासा-इस्रोचा निसार उपग्रह डोंगरांवर चोवीस तास नजर ठेवतो, दरड कोसळण्याच्या आठ दिवस आधी इशारा देतो. कॅलिफोर्नियाचा किनारी महामार्ग क्रमांक १ आता पूर्ण सुरक्षित, बिनधास्त जा!’ मावशीने हा मेसेज फॉरवर्ड केला तो नेमका त्याच महामार्गावरच्या बिग सर या डोंगराळ किनाऱ्याकडे गाडी घेऊन निघालेल्या तिच्या लेकाला. तेही जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन पावसात. म्हणून हा खटाटोप.

‘चोवीस तास’ साफ खोटं. निसार त्याच मार्गावरून १२ दिवसांनी परत येतो. येता-जाता दोन्ही बाजूंनी टिपलेलं धरलं तरी सरासरी सहा दिवसांनी. तो रडारच्या लाटा सोडून बघतो, म्हणून ढगांतून, अंधारातून त्याला दिसतं, हे मान्य. दोन फेऱ्यांत परतलेल्या लाटांच्या फेजमधला, म्हणजे लाट चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्यातला, फरक मोजून जमीन काही सेंटिमीटर सरकली तरी कळतं, हेही खरं. मेसेजमधलं खरं एवढंच.

आता ते ‘आठ दिवस’. याच महामार्गावर मड क्रीकचा डोंगर २० मे २०१७ रोजी कोसळला आणि सुमारे ४०० मीटर रस्ता गाडला गेला. ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या विज्ञान नियतकालिकात २०१९ साली आलेल्या अभ्यासाने जुन्या रडार नोंदी तपासल्या, तर तो डोंगर त्याआधी आठ वर्षं संथपणे सरकतच होता. आठ वर्षं! दिवस नव्हे. दीर्घ दुष्काळानंतर विक्रमी पाऊस झाला, आत मुरलेल्या पाण्याचा दाब वाढला, वेग वाढला आणि मग तो सुटला. म्हणजे सरकणारा डोंगर रडारला दिसतो; तो कोणत्या दिवशी सुटेल ते दिसत नाही. शिवाय हा हिशेब लागला तो कोसळल्यानंतर. त्या दिवशी जीव वाचले कारण रस्ता आधीच बंद होता आणि जमीन हलतेय म्हणून कामगारही हटवले होते.

बरं, प्रत्येक दरड आधी सरकते असंही नाही. जानेवारी २०२१ मध्ये रॅट क्रीकला वणव्याने उघड्या पडलेल्या उतारावरून पावसात चिखल-दगडांचा लोंढा आला आणि महामार्गाचा तुकडा समुद्राकडे वाहून गेला. अशा लोंढ्याआधी रडारने मोजावं असं वर्षानुवर्षांचं सरकणं नसतं. तिथे पावसाचा अंदाज आणि कॅलट्रान्सचा, म्हणजे तिथल्या राज्याच्या रस्ते खात्याचा, ‘रस्ता बंद’चा फलकच कामाचा. ‘बिनधास्त जा’ म्हणणाऱ्याने निदान तेवढं तरी बघायचं!

मेसेजच्या शेपटाला कुणीतरी ‘रडारच्या किरणांनीच डोंगर सैल होतात’ असंही जोडलंय. सातशेहून अधिक किलोमीटरवरून येणाऱ्या त्या क्षीण लाटांनी खडा हलत नाही, डोंगर कसला! आणि वर ‘पूर्ण सुरक्षित’, खाली ‘डोंगर सैल’. यातलं नक्की काय मानायचं ते ग्रुपने आधी आपसात ठरवावं.