पिवळे बेडूक सोडून डास संपत नाहीत

पावसाळा लागला की एक मेसेज फिरू लागतो: 'मोठे पिवळे बेडूक दिसले की पकडा आणि आपल्या तळ्यात सोडा. डास संपतील. जात देशीच आहे, धोका काही नाही.' कृपया असं काही करू नका.

पिवळा बेडूक ही वेगळी जात नाही. तो भारतीय बुलफ्रॉगचा, म्हणजे हॉप्लोबॅट्राकस टायगरिनसचा नर. एरवी हिरवट-तपकिरी असणारा हा बेडूक विणीपुरता पिवळाधमक होतो आणि गळ्याजवळच्या दोन निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. मादी रंग बदलत नाही. त्यामुळे पिवळे तेवढे उचलले, तर ऐन विणीत त्या डबक्यातले नरच नाहीसे होतात.

आता डास. हा बेडूक १७ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. दबा धरून बसतो आणि तोंडात मावेल ते गिळतो: भुंगेरे, खेकडे, गांडुळं, पाली, उंदरांची पिल्लं, लहान बेडूकसुद्धा. डासांवर त्याचं पोट भरत नाही. त्याचे टॅडपोल, म्हणजे पाण्यात वाढणारी शेपटीवाली पिल्लं, डासांच्या अळ्या खातात, हे खरं. पण ते इतर बेडकांचे टॅडपोलही खातात, प्रसंगी एकमेकांनाही. शिवाय डेंग्यूचा डास टायर, पिंप, कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. तिथे हे टॅडपोल नसतातच.

'देशी' हा शब्द सगळ्यात फसवा. मुख्य भूमीवरचा देशी प्राणी अंदमानात परकाच असतो. तिथे हा बेडूक २००० नंतरच्या काही वर्षांत पोहोचला, मुख्यतः मत्स्यबीजात (तळ्यात सोडायच्या माशांच्या पिल्लांत) मिसळून, आणि वस्ती असलेल्या आठ प्रमुख बेटांपैकी सहांवर पसरला. प्रयोगात त्याचे टॅडपोल फक्त तिथेच सापडणाऱ्या बेडकांच्या टॅडपोलसोबत एकाच पाण्यात ठेवले, तेव्हा स्थानिकांपैकी एकही जगला नाही. एक मादी हजारो अंडी घालते. एकदा पसरल्यावर वेचून काढणं जवळपास अशक्य.

म्हणून खरी काळजी मत्स्यबीज सोडताना घ्यायची. पिशवी थेट तळ्यात रिकामी करू नका. बीज थोडंथोडं पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन बघा: डोकं-धड मिळून एकच गोल गोळा, मागे चपटी शेपूट, अंगावर खवले नाहीत, बाजूला पर नाहीत, तर तो टॅडपोल. तो बाजूला काढा. पिशवीतलं पाणीही तळ्यात नको, लांब कोरड्या जमिनीवर ओता.