‘तेव्हा धावा स्वस्त होत्या’ म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात माझा भाचा क्रिकेटच्या नेट सरावावरून आला आणि किट खाली टाकता टाकता म्हणाला, "मामा, ब्रॅडमन आजच्या रणजी टीममध्येही बसला नसता." वय वर्षं बारा, आणि बोलतोय ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमनबद्दल, कसोटीत ९९.९४ सरासरी असलेल्या! कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर त्यानं आईचा मोबाइल पुढं केला. बॅचच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली यादी: ‘जगातले १० सर्वश्रेष्ठ फलंदाज, शास्त्रीय पद्धतीनं’. शास्त्र काय, तर एकूण धावा गुणिले स्ट्राइक रेट (दर शंभर चेंडूंमागे धावा). दहांत ब्रॅडमन नाही, गावसकर नाही. खाली कारणं: तेव्हाची गोलंदाजी संथ होती, ब्रॅडमन एकाच देशाविरुद्ध खेळला, त्या काळी कुणीही ढीगभर धावा करायचं, गावसकर नुसता चेंडू अडवायचा. शेवटी पालकांना सल्ला, मुलांचा वेळ डिफेन्समध्ये, म्हणजे चेंडू अडवायला शिकवण्यात, घालवू नका. त्याच संध्याकाळी ही यादी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आली. आता गप्प बसवत नाही.

आधी ते सूत्रच घ्या. ब्रॅडमनच्या काळात फलंदाजानं किती चेंडू खेळले, याची नोंद प्रत्येक डावाची मिळत नाही. मग त्याचा स्ट्राइक रेट काढला कशावरून? आणि एकूण धावांचं म्हणाल, तर १९३८ ते १९४६ या ऐन उमेदीच्या वर्षांत महायुद्धामुळं त्याला एकही कसोटी खेळता आली नाही. वीस वर्षांत मिळाल्या ५२ कसोटी. सचिनला २०० मिळाल्या. बेरजेत कोण पुढं जाणार हे सांगायला शास्त्र लागत नाही.

‘संथ गोलंदाजी’ म्हणणाऱ्यानं १९३२-३३ची ऑस्ट्रेलिया-इंग्लंड बॉडीलाइन मालिका ऐकलेली नाही. इंग्लंडचे वेगवान गोलंदाज लारवूड आणि व्होस अंगावर चेंडू टाकत होते, लेगला क्षेत्ररक्षकांची भिंत होती, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ॲडलेडला ऑस्ट्रेलियाच्या ओल्डफील्डच्या कवटीला तडा गेला. हा सगळा बेत एका माणसाला रोखण्यासाठी होता आणि तो यशस्वी झाला असंच सगळे मानतात. रोखलेल्या ब्रॅडमनची त्या मालिकेतली सरासरी ५६.५७. सचिनची पूर्ण कारकिर्दीची ५३.७८. सचिनला कमी लेखायचं म्हणून हे सांगत नाही, त्याच्यासाठी मीही रात्री जागवल्यात. पण ‘अपयशी’ ब्रॅडमन कुठं होता ते एकदा बघा. बरं, संथ म्हणाल तर १९३० साली लीड्सला त्यानं एका दिवसात ३०९ धावा केल्या. कसोटीत एका फलंदाजानं एका दिवसात याहून जास्त धावा आजवर केलेल्या नाहीत.

‘एकाच देशाविरुद्ध’ हा मुद्दा अर्धा खरा आहे, तो मान्य करतो. ५२पैकी ३७ कसोटी इंग्लंडविरुद्ध, आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंड सोडून तिसऱ्या देशात तो कसोटी खेळलाच नाही. पावसानं भिजलेल्या खेळपट्टीवर तो इतरांइतका भरवशाचा नव्हता, हेही खरं. आजचं क्षेत्ररक्षण तेव्हाच्या कैक पट चांगलं आहे, तेही मान्य. पण हे सगळं त्याच्या काळातल्या प्रत्येकालाच लागू होतं ना? धावा स्वस्त होत्या तर त्याच काळातल्या इंग्लंडच्या हॅमंडची सरासरी ५८वर का थांबली? इंग्लंडचा सटक्लिफ आणि वेस्ट इंडिजचा हेडली ६०च्या जरा पुढं का अडकले? त्याच खेळपट्ट्या, तेच नियम, आणि हा एकटा ९९.९४वर. चार्ल्स डेव्हिस या ऑस्ट्रेलियन आकडेतज्ज्ञानं निरनिराळ्या खेळांतल्या दिग्गजांना त्यांच्या खेळातल्या बाकीच्यांशी ताडून पाहिलं. फुटबॉलचा पेले, बास्केटबॉलचा जॉर्डन, गोल्फचा निकलॉस, कुणीच आपल्या बरोबरीच्यांच्या इतका पुढं नव्हता जितका ब्रॅडमन होता. दोन काळांतल्या माणसांची तुलना करायचीच असेल तर ती अशी करतात.

आता ज्या ओळीनं माझं डोकं फिरलं ती. ‘कुणीही ढीगभर धावा करायचं’ याला पुरावा म्हणून त्या महाशयांनी भाऊसाहेब निंबाळकरांचं नाव दिलंय: ‘कधी कसोटी न खेळलेल्या माणसानं ४४३ केल्या, यावरून समजा.’ पुण्यातल्या मुलांच्या ग्रुपवर हे फिरतंय! डिसेंबर १९४८, आपलं पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडची गोलंदाजी दुबळी होती, कबूल. तरी ४९४ मिनिटं, म्हणजे आठ तासांहून जास्त, हा माणूस उभा होता. दुसऱ्या बाजूनं भांडारकरांनी २०५ केल्या. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या आणि प्रतिस्पर्धी कप्तानानं पुढं खेळायलाच नकार देऊन सामना सोडला. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ या तेव्हाच्या विश्वविक्रमाला फक्त नऊ धावा कमी होत्या. त्यानंतर भारतात किती दुबळे संघ आले-गेले, किती पाटा खेळपट्ट्या झाल्या! प्रथम श्रेणीत (रणजी, कसोटी अशा अनेक दिवसांच्या सामन्यांत) एका डावात कुण्या भारतीयाच्या चारशे झाल्या? आजतागायत एकाच्याच, निंबाळकरांच्या. त्यांना कसोटीची टोपी मिळाली नाही हा निवडणाऱ्यांचा दोष. त्या अन्यायालाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा करता?

गावसकरांबद्दल म्हणाल, तर १९७५च्या विश्वचषकात ६० षटकं खेळून काढलेल्या त्या नाबाद ३६चं मी समर्थन करणार नाही, कुणीच करू नये. पण त्याच माणसानं १९८३ साली दिल्लीच्या कसोटीत वेस्ट इंडिजच्या मार्शल-होल्डिंग या वेगवान गोलंदाजांपुढं ९४ चेंडूंत शतक ठोकलं. १९८७च्या विश्वचषकात नागपूरला ८५ चेंडूंत. मारता येत नव्हतं असं नाही.

आणि डिफेन्स नको म्हणणाऱ्यांनी १९८७ सालची पाकिस्तानविरुद्धची बंगळूरची कसोटी आठवावी. गावसकरांचा शेवटचा कसोटी डाव. खेळपट्टी आखाडा झालेली, इक्बाल कासीम आणि तौसिफ अहमद या फिरकी गोलंदाजांचा चेंडू हातभर वळतोय, मध्येच उसळतोय. भारताला २२१ हव्या होत्या. गावसकरांनी २६४ चेंडू खेळून ९६ केल्या. आपण १६ धावांनी हरलो. मऊ हातांनी चेंडू पायाशी मारून टाकायचा, बॅट शेवटच्या क्षणी आत घ्यायची, हे ज्याला येत होतं तोच तिथं टिकला. त्या यादीच्या सूत्रात हा डाव म्हणजे स्ट्राइक रेट ३६.

मी भाच्याला तो डाव लावून दिला. दहा मिनिटांत कंटाळेल असं वाटलं होतं. त्यानं एक बचाव चार वेळा मागं नेऊन पाहिला आणि विचारलं, "मामा, बॉल एवढा वळला तरी बॅटच्या खालीच कसा पडतोय?" रविवारी सकाळी नेटमध्ये पहिले पन्नास चेंडू मी टाकणार आहे. तो फक्त अडवणार आहे.