पाच कोटी, 288 आमदार आणि व्हॉट्सॲपचं गणित

निवडणूक जवळ आली की कोविडकाळातल्या आमदारांवरचा एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, सांगणं तेच. प्रत्येक आमदाराला वर्षाला पाच कोटी मिळतात, 288 आमदारांचे झाले 1440 कोटी. एवढ्यात तालुक्यातालुक्यात ऑक्सिजनवालं हॉस्पिटल उभं राहिलं असतं. ते पैसे खिशात गेले, पगारातला रुपयाही कुणी सोडला नाही, आणि ज्याने एका फोनवर बेड मिळवून दिला तोच खरा आमदार. खाली अर्थातच 'पटलं तर पुढे पाठवा'.

आमदारांची वकिली करायची मला हौस नाही. उलट माझी तक्रार अशी की, हा मेसेज ज्यांनी काहीच केलं नाही त्यांनाच सोडवतो. आरोप चुकीच्या जागी लावला की आरोपी हसत हसत बाहेर पडतो.

'पाच कोटी' हा आकडाच त्या काळातला नाही. आमदाराला आपल्या भागातल्या कामांसाठी मिळतो तो स्थानिक विकास निधी, म्हणजेच आमदार निधी, 2019-20 पर्यंत वर्षाला 2 कोटी होता. मार्च 2020 मध्ये तो 3 कोटी झाला, पुढे 4, आणि 5 कोटींची घोषणा झाली मार्च 2022 मध्ये, म्हणजे तिसरी लाटही ओसरल्यावर. शिवाय हा निधी विधान परिषदेच्या सदस्यांनाही मिळतो, ते मेसेजवाल्याच्या गावीच नाही. हिशेब मांडायचाच तर नीट तरी मांडावा.

आता 'खिशात गेले'. हा पैसा आमदाराच्या खात्यात येतच नाही. आमदार देतो ते शिफारसपत्र. ते जातं जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेत. मग संबंधित यंत्रणेकडून अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, आणि काम झाल्यावर देयक. पैसे खायची वाट यात नसते असं कोण म्हणेल? ठेकेदार कुणाचा, टक्का कुणाला, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. पण तो आरोप करायचा तर त्या कामाची निविदा आणि बिलं काढावी लागतात. '1440 कोटी खाल्ले' असं घाऊक बोललं की कुणालाच काही लागत नाही.

पगाराचं तर सरळ खोटं आहे. एप्रिल 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आमदारांच्या वेतनात वर्षभरासाठी 30 टक्के कपात केली. ती सरकारने कापली, आमदारांनी दान केली नाही, त्यामुळे त्याचं कौतुकही नको.

हॉस्पिटलच्या मुद्द्यावर मात्र थांबायला हवं, कारण इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. अर्धा चूक असा की, स्थानिक विकास निधी मुळात टिकाऊ कामांसाठी असतो. त्यातून इमारत होते, यंत्र येतं, रुग्णवाहिका येते. डॉक्टर-नर्सचा महिन्याचा पगार, रुग्णवाहिकेच्या चालकाचा पगार, डिझेल हे त्यातून भागत नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात दारावर आमदारांचं नाव रंगवलेली रुग्णवाहिका चालकाअभावी उभी असलेली पाहिली नाही, असा माणूस विरळाच. खाट विकत घेता येते, तिच्या उशाशी रात्रभर जागणारी सिस्टर घेता येत नाही.

आणि बरोबर असलेला अर्धा? पहिल्या लाटेतही निधीतून साहित्य घ्यायला मुभा होती, पण मोठी सूट मिळाली एप्रिल 2021 मध्ये. प्रत्येक आमदाराला निधीतले एक कोटी कोविडसाठी वापरता येतील, असं तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांनी जाहीर केलं. दोन्ही सभागृहं धरून जवळपास 350 कोटी. त्याच सुमारास नंदुरबारचं नाव देशभर गाजत होतं. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी तिथे हवेतून ऑक्सिजन काढणारा पहिला प्लांट सप्टेंबर 2020 मध्येच बसवला होता. एका प्लांटचा खर्च सांगितला गेला सुमारे 85 लाख. म्हणजे एका आमदाराच्या एक कोटीत एक प्लांट बसत होता, हे खरंच.

पण तारखा बघा. सूट जाहीर झाली एप्रिलच्या मध्यावर, आणि 18 एप्रिल 2021 ला राज्यात एका दिवसात 68,631 रुग्ण सापडले. त्या आठवड्यात दिलेल्या शिफारसपत्राने त्या लाटेतला एकही रुग्ण वाचणार नव्हता. ऑर्डर द्यायची, यंत्र यायचं, पाया, पाइपलाइन, वीज. नंदुरबारला जमलं ते दुसरी लाट यायच्या कितीतरी आधी ऑर्डर दिली म्हणून. तेव्हा आमदाराला विचारायचा प्रश्न 'पाच कोटी कुठे गेले' हा नव्हेच. ऑक्टोबर 2020 ते फेब्रुवारी 2021, रुग्ण कमी झाले होते आणि लग्नांचे मांडव पुन्हा सजले होते, तेव्हा तुमच्या तालुक्यातल्या ऑक्सिजनसाठी तुम्ही कुणाला काय लिहिलंत? त्या पत्राची प्रत दाखवा. या प्रश्नापुढे बरेच जण गप्प होतील.

'मग नीलेश लंके यांना कसं जमलं?' हेही हमखास येतं. पारनेरचे तेव्हाचे आमदार लंके यांनी भाळवणीत 1100 खाटांचं केंद्र उभं केलं, स्वतः तिथे मुक्काम ठोकला, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण ते चाललं मुख्यतः लोकवर्गणीवर आणि गावोगावहून आलेल्या धान्य-भाजीपाल्यावर. आणि ते कोविड केअर सेंटर होतं. सौम्य लक्षणांच्या रुग्णांसाठी ते वरदान, पण व्हेंटिलेटर लागला की रुग्णाला मोठ्या रुग्णालयातच न्यावं लागायचं. आमदार निधीच्या हिशेबात हे उदाहरण बसत नाही.

राहिला फोन. हा दावा सगळ्यात लोकप्रिय, आणि मला सगळ्यात जास्त खटकणारा. आपला माणूस तडफडत असताना ज्याने फोन उचलला त्याला आपण विसरत नाही, ते समजण्यासारखं आहे. पण शहरात व्हेंटिलेटरचे बेड दहा आणि रांगेत चाळीस असतील, तर आमदाराच्या फोनने बेड अकरा होत नाहीत. रांगेतला कुणीतरी मागे ढकलला जातो, बहुधा ज्याच्याकडे नंबर नव्हता तो. मुंबईने जून 2020 पासून बेडचं वाटप वॉर्डातल्या वॉर रूमकडे, म्हणजे महापालिकेच्या नियंत्रण कक्षाकडे, दिलं ते याचसाठी. रेमडेसिविर या कोविडसाठी दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच ते न वापरण्याची शिफारस केली होती, तरी पुढच्या एप्रिलमध्ये ते मिळवून देणं हीच आमदारकीची परीक्षा झाली. शेवटी जून 2021 मध्ये, एका अभिनेत्याला आणि एका आमदाराला ही औषधं मिळाली कुठून, हे तपासायला मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला सांगितलं.

अधिकार तरी किती होते? आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. आमदाराला पदसिद्ध जागा नाही. त्याची हक्काची जागा सभागृहात, आणि तिथेच खरी बोंब होती. 2020 चं पावसाळी अधिवेशन दोन दिवसांचं, तेही प्रश्नोत्तरांच्या तासाविना. हिवाळी दोन दिवसांचं. 2021 चं पावसाळीही दोनच दिवसांचं, आणि त्यातल्या पहिल्याच दिवशी गोंधळात 12 आमदार निलंबित. साथीच्या ऐन भरात आरोग्यमंत्र्यांना उभं करून विचारायची संधी इतकी आखडली, आणि मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

फोटो न निघणारी मदतही मेसेजवाल्याला दिसत नाही. मे 2020 च्या आदेशाने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर ठरले होते: साधा वॉर्ड दिवसाला 4000, आयसीयू 7500, व्हेंटिलेटरसह 9000. पीपीई किट त्या दरात नव्हतं, म्हणून बिल फुगायचं तिथेच. तो आदेश हातात घेऊन, कार्यकर्त्याला बिलिंग काउंटरवर उभं करून, ओळ न् ओळ तपासून घेणारं आमदाराचं कार्यालय दहा फोनांपेक्षा जास्त कामाचं होतं. नंतर मृतांच्या वारसांना 50,000 रुपये, दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे 5 लाखांची ठेव, विधवांसाठी तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची मिशन वात्सल्य समिती, हे सगळं आलं. दाखल्यावर मृत्यूचं कारण कोविड नाही म्हणून अडलेले अर्ज जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीपुढे नेणं हे खास आमदाराच्या कार्यालयाचं काम होतं.

ज्यांना खरंच हिशेब हवाय त्यांनी दहा रुपयांचं तिकीट लावून जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. मागायचं एवढंच: 2020-21 आणि 2021-22 मध्ये आपल्या आमदाराने कोविडसाठी केलेल्या शिफारशींच्या तारखा, प्रशासकीय मान्यतेच्या तारखा, झालेला खर्च, आणि घेतलेली यंत्रं आज कुठल्या रुग्णालयात, चालू की बंद.