हेडसेटसोबत माणूसही द्या
‘हेडसेट आला की खेड्यातही फोबियावर घरबसल्या उपचार होतील,’ हे डोळ्यांसमोर आभासी दृश्यं दाखवणाऱ्या (व्हीआर) हेडसेटनं फोबिया, म्हणजे तीव्र भीती, घालवण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी उंचीच्या भीतीवर आभासी दृश्यं वापरली, तेव्हाही पायरीपायरीनं पुढं नेणारा थेरपिस्ट सोबत होताच. भीती चढून ओसरेपर्यंत धीर देणारं कोणीतरी लागतं.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तर दृश्यंही वेगळी हवीत. साप आडवा गेल्यापासून माझ्या भाचीला पऱ्हाटीत (कपाशीत) पाय टाकवत नाही. वेचणीच्या दिवसांत तिला ‘भित्री’ म्हणतात, ते ऐकवत नाही. तिला हेडसेटमध्ये लिफ्ट न् विमान दाखवून काय होणार? वावर, धुरा (बांध), विहीर दाखवा. (सावधपणा मात्र राहू द्या, वावरात साप असतातच.) आणि हे जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, प्रशिक्षित माणसासकट द्या.