लोको पायलटचे डोळे तपासता, त्याचं रोड लर्निंग (एलआर) कोण तपासतं?

असिस्टंट लोको पायलटची, म्हणजे रेल्वे इंजिनाच्या सहायक चालकाची भरती निघाली की सगळी चर्चा मेडिकलवर येऊन थांबते. ए-वन कॅटेगरी, चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/६, लेसिक केलेलं असेल तर बाद. मग सीबीएटी, म्हणजे संगणकावरची अभियोग्यता चाचणी: त्यातल्या प्रत्येक चाचणीत किमान ४२ टी-स्कोअर, एकीत ४१ आला की बाकीच्यांत कितीही मिळवा, घरी. ही चाळणी कडकच हवी. नोकरीत आल्यावरही ४५ वयापर्यंत दर चार वर्षांनी, ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पीएमई, म्हणजे ठरावीक काळाने होणारी वैद्यकीय तपासणी असते.

पण आपल्याकडे आरटीओसारखं एकच लायसन्स नाही. रेल्वेच शिकवते, रेल्वेच परीक्षा घेते आणि सक्षमतेचा दाखलाही तीच देते. युरोपियन संघाने २००७च्या निर्देशात याचे दोन भाग केले. लायसन्स सरकारी प्राधिकरणाचं, १० वर्षांचं, चालकाच्या मालकीचं. कुठलं इंजिन आणि कुठला मार्ग याचं प्रमाणपत्र मात्र कंपनीचं. मला ही विभागणी पटते. गाडीवर माणूस तातडीने हवा असलेल्यानेच त्याला पास करायचं, यात गोम आहे.

ती गोम सगळ्यात जास्त दिसते एलआरमध्ये, म्हणजे चालकाने फेऱ्या मारून मार्ग ओळखून घेण्यात. नव्या सेक्शनवर साधारणपणे तीन फेऱ्या, त्यातली एक रात्रीची, मग मार्ग माहीत झाल्याची सही. तीन ते सहा महिने त्या सेक्शनवर गेला नाही तर एक फेरी, सहा महिने ते दोन वर्षं झाली तर दोन, त्यापुढे पुन्हा तीन.

या फेऱ्यांत शिकायचं काय? कुठला सिग्नल वळणामुळे उशिरा दिसतो, चढ कुठे सुरू होतो, न्यूट्रल सेक्शन, म्हणजे वरच्या तारेत वीज नसलेला तुकडा, कुठे आहे. त्याआधी ५०० आणि २५० मीटरवर बोर्ड असतात, तरी चढावर वेग आधीच पडलेला असेल तर गाडी नेमकी बिनविजेच्या तुकड्यात अडकते आणि मागून-पुढून दुसरं इंजिन आणावं लागतं. ५८ वाघिणींची भरलेली मालगाडी पाच हजार टनांच्या आसपास जाते. उतारावर ब्रेक लावून सोडला आणि पाइपमधला दाब पूर्ण भरायच्या आत पुन्हा लावला, की दर वेळी ब्रेकची ताकद कमी होत जाते. म्हणून उतार कुठे संपतो हे आधीच ठाऊक असावं लागतं. सिग्नल दिसल्यावर विचार करून भागत नाही.

आता नियमातली फट बघा. फेऱ्या मोजल्या जातात, फेरी कसली होती ते नाही. मेल-एक्स्प्रेसवर बसून एलआर केलेला माणूस मेन लाइनवरून सरळ निघून जातो. उद्या त्याच्याच हातात मालगाडी आली की त्याला ठिकठिकाणी लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर घेतात, आणि ते लूपचे सिग्नल, रूळ बदलायचे ते ३० किंवा १५ किमी वेगाचे काटे त्याने कधी पाहिलेलेच नसतात. जानेवारीत केलेला एलआर जुलैच्या पावसातही तसाच चालतो, हे तर वेगळंच.

सेक्शन माहीत नसेल तर माहितगार माणूस सोबत मागायचा, हे जनरल रूल्समध्ये स्पष्ट आहे. पण डायव्हर्जन पडून गाडी खोळंबली असताना ‘मला रोड माहीत नाही’ म्हणायला हिंमत लागते. असं म्हणणाऱ्याला लॉबीत, म्हणजे चालकांना ड्युटी देणाऱ्या कार्यालयात, कामचुकार समजणं आधी थांबवा.

स्वयंचलित सिग्नलच्या भागासाठी वेगळा दाखला असतो. लाल दिसला तर थांबायचं, दिवसा एक मिनिट, रात्री दोन, मग शिटी देऊन जास्तीत जास्त १५ च्या वेगाने पुढे, नीट दिसत नसेल तर १०. तोच सिग्नल बिघडला आणि हातात लेखी अधिकारपत्र आलं की काय करायचं, इथे गोंधळ होतो. जून २०२४च्या कांचनजंगा एक्स्प्रेस अपघातानंतर रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात लोको पायलट आणि स्टेशन मास्तर या दोघांचंही समुपदेशन अपुरं असल्याची नोंद आहे. दाखल्यावर सही असणं आणि नियम समजलेला असणं यात इतकं अंतर पडू शकतं.

पीएमई, रिफ्रेशर, एलआर कधी ड्यू आहे, हे सीएमएसमध्ये, म्हणजे चालकांच्या ड्युटीच्या संगणक प्रणालीत, आधीपासून दिसतं. त्यातल्या एलआरच्या नोंदीत आणखी तीन रकाने घाला: गाडीचा प्रकार, किती स्टेशनांत लूपमध्ये घेतली, आणि फेरी कुठल्या हंगामातली.